तांदळाच्या पिठाच्या डब्याखालची अमेरिका

अल नहदा, शारजा
गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस

चि. निनाद यास विजयकुमारचे अनेक आशीर्वाद.

तू, सौ. प्रज्ञा आणि मुलं खुशाल असाल. तुझी कंबर आता कशी आहे? बर्फ उपसायला माणूस लावत जा. तुझी कंपनीही खुशाल असेलच. अर्ध्या राज्याला वीज आणि उरलेल्या अर्ध्याला गॅस पुरवणाऱ्या कंपनीला काय धाड भरली आहे? आम्ही शरीराने ठीक आहोत. मनाने कसे आहोत ते पुढे कळेल. फोन न करता मुद्दाम लिहितो आहे, कारण फोनवर तू 'भाऊजी, ऐका तर' म्हणून मध्ये बोलतोस आणि मला यावेळी काहीही ऐकायचं नाही.

उन्हाळ्यात अमेरिकेहून भारतात जाताना तू आमच्याकडे उतरलास. पाहुणा म्हणून आलास आणि इन्स्पेक्टर म्हणून राहिलास. आल्या संध्याकाळी चहा व्हायच्या आत तू ओट्याखाली शिरून गॅसची नळी तपासलीस. (कावेरीने तुझा तो फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. तू शाळाशाळांतून गॅसच्या ज्योतीचं सोंग घेऊन मुलांना गॅस शिकवतोस, तो फोटो आधीपासून फ्रिजवर आहेच.) मग आम्हा तिघांना सोफ्यावर बसवून तू धडा दिलास. गॅसला मुळात वास नसतो, तो मुद्दाम घालतात. वास आला की बटण दाबायचं नाही, बेल वाजवायची नाही, लिफ्ट घ्यायची नाही, घराबाहेर पडून मगच फोन करायचा. आणि जाताना तुझ्या कंपनीची ती जाड, गुळगुळीत कार्डं ठेवून गेलास. खाली पिवळा गोल, तो नखाने खरवडला की सडक्या अंड्याचा वास. मिहिकाने एक खरवडलं, 'ईऽऽ, बाबा, दिस इज डिसगस्टिंग' म्हणाली आणि कार्डासकट स्वतःच्या खोलीत गेली. मला वाटलं विषय संपला.

आता यंदाच्या गणपतीकडे येतो. दुबईच्या आपल्या मंडळात नैवेद्याचे उकडीचे मोदक वर्षानुवर्षं विभावरीताई करत आल्या आहेत. दुसऱ्या कुणाचा मोदक त्या हातात घेतात, पाकळ्या मोजतात आणि न खाता खाली ठेवतात. यंदा त्यांचा हात दुखावला आणि तो मान कावेरीला मिळाला. तुझी बहीण महिनाभर झोपेत पाकळ्या पाडत होती. हे मोदक बिघडले असते तर तिने मंडळातच काय, अल नहदात तोंड दाखवलं नसतं, आणि मला शारजात राहून रोज सुतकी चेहऱ्यासमोर जेवावं लागलं असतं.

चतुर्थीच्या सकाळी सारण झालं, उकडीचं पाणी चढलं, कावेरीने पिठाचा डबा काढायला ड्रॉवर ओढला आणि थबकली. 'अहो, वास येतोय.' मलाही आला. अगदी तुझाच वास, म्हणजे तू शिकवलेला. तिने शेगडी बंद केली, आणि त्यानंतर आम्ही तुझ्या धड्यातलं एक अक्षर चुकवलं नाही. बटणाला हात लावला नाही, लिफ्टकडे पाहिलं नाही. बेल दाबायची नसल्याने मी मजल्यामजल्यावर हाताने दारं बडवत, जिन्याने, बनियनवर खाली उतरलो. वॉचमन खैरुद्दीनने 'यल्ला, सब नीचे' म्हणून उरलेल्यांना काढलं. ऑगस्टच्या उन्हात सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये उभी, आणि मधोमध तुझी बहीण, सारणाचं पातेलं कडेवर घेऊन. वरच्या मजल्यावरच्या शहरबानू सगळ्यात शेवटी उतरल्या. त्यांना कसलाच वास आला नव्हता म्हणे. (या बाई मूळच्या हैदराबादच्या, मुलं कॅनडात, एकट्याच असतात. स्वभावाने लाख, पण हल्ली रोज दुधाची बाटली घेऊन खाली येतात आणि कावेरीला विचारतात, देखो तो, खराब तो नहीं हुआ? दूध उत्तम असतं. गप्पा मारायला निमित्त हवं, दुसरं काय.)

गॅसवाले आले. त्यांचं यंत्र आमच्या ओट्यावर, ओट्याखाली, माझ्या तोंडासमोर, सगळीकडे फिरलं आणि शून्य दाखवत राहिलं. पण तक्रार आली म्हणजे सगळी घरं तपासल्याशिवाय लाइन चालू होत नाही. किती वेळ लागेल विचारलं तर इन्शाल्ला म्हणाले. म्हणजे काय ते तुला अमेरिकेत कळायचं नाही.

लोक वर गेले आणि घरोघर माळ्यावरचे इंडक्शन, राइस कुकर, हॉट प्लेट बाहेर निघाले. सगळे एसी चालू होतेच. आम्हीही मोदकपात्र इंडक्शनवर ठेवलं, त्यावर ते तापेना, म्हणून मी आकडा वाढवला, आणि त्याच क्षणी बिल्डिंगची वीज गेली. (माझ्यामुळे नव्हे. पण कावेरीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.) तुझी कंपनी वीज आणि गॅस दोन्ही घरी पोचवते म्हणून तुला केवढा अभिमान. आमच्याकडे तिने एका सकाळीत दोन्ही घालवून दाखवले. कसे, ते सांगतोच.

शेवटी आम्ही समोरच्या रस्त्यापलीकडच्या मलबारी कॅफेटेरियाला शरण गेलो. त्यांचा सिलिंडर वेगळा. एका शेगडीवर पुट्टू, दुसऱ्यावर मटण आणि तिसऱ्यावर आमचं मोदकपात्र, कडेने ओलं फडकं लावून. कावेरी मटणाकडे पाठ करून, डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होती. मालक 'नो प्रॉब्लम, चेची' (म्हणजे ताई) म्हणत तिच्यासाठी आच कमीजास्त करत होता. दुबईला आम्ही आरतीच्या मध्येच पोचलो. विभावरीताईंनी मोदक हातात घेतला, पाकळ्या मोजल्या, आणि खाल्ला. मग दुसरा घेतला. तुझी बहीण गाडीत बसल्यावर रडली. मीही थोडा, पण ते घामात धरलं.

रात्री घरी गॅस आला होता, फक्त शहरबानूंकडचा अजून बंद होता. मी पिठाचा डबा जागेवर ठेवायला ड्रॉवर उघडला. डबा सरकवला, की तोच वास. डबा उचलून पाहतो तर खाली तुझी कार्डं, ओळीने. कावेरीच्या हातून जाड, चकचकीत कागद कधी टाकला जातो का? तिने ड्रॉवरला अस्तर केलं. तेही मजकूर वर करून, कारण डबा उचलला की भावाच्या कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. स्टीलच्या डब्याचं बूड पिवळ्या गोलावर घासत होतं. मोदकांसाठी डबा पाच किलो पिठाने भरला होता, म्हणून त्या दिवशी ते नीट घासलं.

मी कपाळाला हात लावला. निनाद, तू अभियंता आहेस, तुझ्या कंपनीत हजारो माणसं आहेत. त्यातल्या एकालाही सुचलं नाही की हे कार्ड मराठी घरात जाईल तेव्हा त्याचं काय होईल? यापुढे येताना चॉकलेट आण. बदाम आण. काहीही न आणता आलास तरी चालेल. कार्डं मी पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाकली आहेत आणि हा विषय माझ्यापुरता खलास.

माझा तुझ्यावर लोभ आहे तो तुझ्या बहिणीच्या भिडेने. तो तसाच चालू ठेवतो.

तुझा,
विजयकुमार भाऊजी

ता. क. – पत्र पाठवायचं राहिलं, तेवढ्यात खैरुद्दीन सांगून गेला. शहरबानूंकडचा गॅस बंद ठेवलाय कारण तपासणीत तिथे खरीच गळती सापडली. नळी मागून चिरली होती, बऱ्याच दिवसांची असावी. दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून त्यांना वासच येत नाही, आणि एकट्या बाईला मुलं कॅनडाला नेतील या भीतीने त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुधाच्या बाटल्यांचं मी वर जे लिहिलं आहे ते कृपा करून वाचू नकोस. मला आता ते खोडवतही नाही.

ता. क. २ – गॅस गळला की ठणाणा करणारा भोंगा तुमच्याकडे मिळतो असं तू सोफ्यावर सांगितलं होतंस. एक पाठव. इथेही मिळतो, पण शहरबानूंना कावेरीच्या भावाकडूनच हवा आहे. आणि कार्डं मी टाकली खरी, पण एक परत पिठाच्या डब्याखाली आलं आहे. हे मिहिकाच्या खोलीतलं. मी कावेरीला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, वास आला की वर शहरबानूंना फोन करून शेगडी बंद आहे का विचारायची आठवण होते.