अर्ध्यावरचं शटर

१२ फेब्रुवारी

चि. ससोबास अनेक उत्तम आशीर्वाद.

जगभर हिंडणाऱ्या लोकांच्या बॅगा दुरुस्त करतोस आणि स्वतः गावाची वेस ओलांडत नाहीस, कमाल आहे बाबा! लहानपणी कपाटात अडकलास तो अडकलासच. पाऊस आत आला तरी दुकानाचं शटर अर्ध्याच्या खाली ओढत नाहीस.

पण थट्टा पुरे. औषधं आता लागू पडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत हिंडती-फिरती असेन. तेवढ्यात विमानानं इकडे ये. आधी बर्फ, मग वाळवंट, मग समुद्र, असं दोघांनी जग बघायचं ठरलं होतं ना? निदान बर्फ तरी बघू. माझ्या हिरव्या बॅगेची चेन अडकते, नवा रनर आण.

लोभ आहेच, तो घ्यायला तरी ये.

तुझी ताई

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. लगेच तिकीट काढलं. बंद दाराची सवय व्हावी म्हणून रोज दुपारी शटर थोडं थोडं खाली ओढून आत बसतो. काल पार जमिनीला टेकवलं. घामाघूम झालो, पण एका बॅगेची चाकं बसवूनच बाहेर आलो. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, की दुकान विकलंत का!

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझा ससोबा

२० मार्च

ती. ताईस सा. न.

मी परत आलो. विमानात बसलो होतो गं. दार लावायला लागले तसा श्वास कोंडला. हवाईसुंदरीला म्हणालो, की दार अर्धं उघडं ठेवता येईल का. ती हसली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मला उतरवून दिलं. तुला तोंड कसं दाखवू?

ससोबा

२९ मार्च

चि. ससोबास आशीर्वाद.

हात थरथरतो, म्हणून मी सांगतेय आणि तुझे भाऊजी लिहून घेताहेत. अर्ध्या दाराचं वाचून इतकी हसले, की ठसका लागला. रागावले नाही रे. पुन्हा तिकीट काढ. मी थांबते.

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाऊजी म्हणाले, आता 'ती.' नाही, 'कै.' लिहायचं. माझ्या हातून ते उतरत नाही.

तू गेल्याचा निरोप आला आणि मिळेल त्या विमानात बसलो. दार बंद झालं. मी बघत राहिलो. धडधड नाही, घाम नाही. ज्याला भ्यायचं, ते होऊन गेलं होतं. हेच महिनाभर आधी जमलं असतं तर काय बिघडलं असतं, ताई?

तुझ्या हिरव्या बॅगेला रनर बसवला. उद्या ती घेऊन बर्फाकडे निघतोय, मग वाळवंट, मग समुद्र. हौस कसली, ठरलं होतं म्हणून जातोय.

काल तुझ्या खोलीत माझं अंथरूण घालून भाऊजींनी दार अर्धं उघडं ठेवलं. तूच तसं सांगून ठेवलं होतंस म्हणे. मी उठून ते घट्ट लावून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडलो.

लोभ असावा, असं लिहायची सवय आहे. असू दे.

तुझा ससोबा