गोदूबाईचा नकार

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

राहनाळच्या गोदामाच्या साइटवर आजपासून नवीन खूळ! फखरुद्दीन साहेब, दुबईत पंधरा वर्षं एका जपानी कंपनीच्या साइटवर काढून आलेले नवे इंजिनिअर, त्यांचा हुकूम. रोज सकाळी आठला सगळ्यांनी गोल उभं राहायचं. मुकादम, गवंडी, पाणी मारणाऱ्या बायासुद्धा. आज किती काम होईल ते ज्याचं त्याने बोलायचं. होणार नसेल तर सरळ 'नाही' म्हणायचं. आणि वर — "नाही बोलणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाय. सुपरवायझरने भी नाय." म्हणजे मी!

बावीस वर्षं ओरडूनच गोदामं उभी केली. आता ही शाळा.

८ नोव्हेंबर, बुधवार

गोलात सगळ्यांचं 'हो साहेब'. महादू मुकादमाकडे खिळे संपलेत, तरी 'हो साहेब'! आपल्याकडे नाही म्हणायची रीतच नाही. सकाळी मान हलवायची, संध्याकाळी तोंड लपवायचं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

केसरीनाथ शेठ येऊन गेले. गोदाम त्यांचं, तारीखही त्यांचीच. तळमजल्यावरचा स्लॅब मंगळवारी भरलाच पाहिजे. "भरला न्हाय तं दुसरा सुपरवायझर बगतू." हसत म्हणाले, पण म्हणाले. पोरीचं, भाविकाचं, बारावीचं वर्ष. आत्ता नोकरी गेली तर कुठे जाऊ?

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

गोलात सगळे 'हो'. मिक्सर सुरू करायला सांगणार, तेवढ्यात खांबांना पाणी मारणारी गोदूबाई पदर खोचून पुढे आली. "न्हाय. माल नका टाकू. त्या कोन्यान पानी पडला का आत जातं, वर ऱ्हात न्हाय. खालचा भराव पोकल हाय."

माझं डोकंच फिरलं. आता पाणी मारणारी मला स्लॅब शिकवणार! 'हिला गेटाबाहेर काढा' अगदी जिभेवर आलं होतं. फखरुद्दीन साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द गिळला. मिक्सर बंद. शेठना फोन मीच केला. काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही.

मग पहार आणली. स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या त्याच भरावावर उभ्या. कोपऱ्यात पहार टेकवून दाबली तर गुडघाभर आत! ओल्या मालाचं वजन आलं असतं तर अख्खा कोपरा खाली बसला असता. वर महादू, त्याची पंधरा माणसं. आणि मी. मी काय, स्लॅब भरताना वरच उभा असतो.

गोदूबाई, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

शेठ आले. पहार स्वतः दाबून पाहिली. हाताची माती झटकली. मग गोदूबाईला म्हणाले, "बाय, वाचवलंस गो." भराव पुन्हा दाबायचा, स्लॅब पुढच्या बुधवारी. नोकरी शाबूत!

फखरुद्दीन साहेबांसमोर दोन्ही कान पकडले. खूळ म्हणालो होतो ना त्यांच्या गोलाला! ते चहा फुंकत म्हणाले, "मेरा क्या? मी फक्त विचारलं. बोलली ती."

घरी पेढे नेले. ही म्हणाली, "कसले?" म्हटलं, जिवंत आहे त्याचे. "भलतंसलतं बोलू नका!" म्हणून डबा हिसकावला आणि देवापुढे ठेवला. बरोबरच केलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आज गोलात साहेबांचा नवा धडा. चूक कोणाची ते विचारायचं नाही, का झाली ते विचारायचं. उत्तर आलं की पुन्हा 'का'. भराव पोकळ का? तिथे रोलर फिरलाच नाही. का? कोपऱ्यात विटांचा ढीग होता. आता मलाही जोर चढला. पुढचा 'का' मीच विचारला, तोही कौतुकाने — अगं गोदूबाई, तुला एवढं दिसत होतं, मग आधी का नाही बोललीस?

ती खाली बघत म्हणाली, "सांगितला व्हता. शनवारी. तुमालाच."

मला आठवतच नाही.