गुरुवारची मंडळी

शनिवार, ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग तेवढा कागदावरच समज. गुडघा अजून वाकत नाही.)

तुझं लग्न ठरल्याचं डेपोत सांगितलं आणि फसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने लगेच विचारलं, की लग्नाआधी नवरीच्या मैत्रिणींची पार्टी कुठे आहे. नवरी बावन्न वर्षांची आहे, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, की मग तर दोन दिवस हवेत, एका दिवसात सगळ्या दमून जातील. तेव्हापासून माझ्या डोक्याने तेच घेतलं आहे.

तर ऐक. १४ आणि १५ मार्च, शनिवार-रविवार. तू आणि तुझी गुरुवारची मंडळी माझ्या शहरात. वेळापत्रक सोबत जोडलं आहे. सोळा वर्षं मी एक्केचाळीस मार्गांच्या बसगाड्या वेळापत्रकात बसवते आहे, एक नवरी बसवायला जड जाऊ नये. शनिवारी सकाळी जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून सायकली, दुपारी मातीची भांडी करायचा वर्ग, संध्याकाळी स्केटिंग. रविवारी सकाळी नदीत होडी, मग एक तास नाच, ज्यात कुणालाच काही येत नसलं तरी चालतं. हसायला वेगळा वेळ ठेवलेला नाही, तो प्रत्येक कार्यक्रमात धरला आहे.

खरं सांगू का, उत्साह तुझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त आहे. चोवीस वर्षं त्या तिघींना मी तुझ्या पत्रांतून ओळखते आणि एकीलाही पाहिलेलं नाही. मी सुट्टीत घरी आले की नेमक्या त्या गावाला गेलेल्या असतात. तुला कावीळ झाली तेव्हा रोज येणाऱ्या ग्रंथपालबाई, गडगडाटी हसणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, पत्त्यांत लबाडी करणाऱ्या शिवणवाल्या बाई. त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत. आता वय झालं आपलं, राहून चालणार नाही.

प्रत्येकीच्या पायाचं माप कळव, चाकांच्या बुटांसाठी. सायकलसाठी उंची. पाण्याची भीती वाटते का, हो किंवा नाही. होडीसाठी वजनही. कुणाला दाखवणार नाही.

घड्याळवाल्या भाऊजींना सांग, तुझ्याविना दोन दिवस काटे फिरतात का ते त्यांनी बघून ठेवावं.

लोभ आहेच, यादी तेवढी उलटटपाली हवी.
तुझी
टिपण

&nbsp;

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. टिपणबाईंस,
अनेक आशीर्वाद, त्यांतला एक गुडघ्यासाठी राखीव.

तुझं वेळापत्रक मिळालं. अकरा बेचाळीसला मातीत हात घालायचा आणि बारा एक्कावन्नला काढायचा! आमचं टपालसुद्धा इतक्या शिस्तीत निघत नाही. माझ्याआधी ते एक नंबरने वाचलं. पहिल्या खिडकीवरची ही बाई सोळा वर्षं माझ्या कोपराशी बसते आहे, पण दुसऱ्याचं पत्र म्हणजे काय हे तिला अजून उमगलेलं नाही. वर मला म्हणते, की हात धुवायला वेळच ठेवलेला नाही, बहिणीला कळव. कळवलं. ती जेवताना इतका आवाज करते की शिक्का मारल्याचा मला भास होतो.

घड्याळवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, की अवश्य जा. मला लग्नाचं विचारायला ज्या माणसाने आठ महिने लागोपाठ माझ्या पोस्टाच्या खिडकीवर पार्सलं केली, त्याला दोन दिवसांचं काय?

मंडळींचं मात्र कठीण दिसतं. डॉक्टरीणबाईंना दवाखाना बंद ठेवता येत नाही. शिवणवाल्या बाईंकडे कामाचा ढीग. ग्रंथपालबाईंना पाणी बघूनच घेरी येते. तू मागितलीस म्हणून यादी देते. तिघींचाही पाय पाच नंबर, उंची बेताची. वजन विचारू नकोस. पोस्टात मी वजन करते, सांगत नाही.

माझं ऐकशील तर आपण दोघीच भेटू. तुझ्या गॅलरीत चहा घेऊ, खालच्या बसगाड्या बघू आणि त्यांतली कुठली उशिरा आली ते तू मला सांग. मला तेवढं पुष्कळ आहे.

माया आहे तिथेच आहे, हलवलेली नाही.
तुझी
ताई

&nbsp;

सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (गुडघा आता दुसराही.)

तुम्हा बायकांना न झेपणारं काही नको म्हणून सगळं आधी मी स्वतः करून पाहिलं. स्केटिंगमध्ये तीनदा पडले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की पडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. माझं मातीचं भांडं एका बाजूला झुकलं आहे, पण पेनं त्यात उभी राहतात. होडीवाली फार करडी आहे. चार जणी वल्ह्यांवर आणि एक सुकाणूवर, पाचपेक्षा कमी असतील तर ती होडी सोडतच नाही, कारण मग ती नुसती गोल फिरते म्हणे. तुम्ही चौघी आणि मी, बरोबर पाच.

आता तुझी यादी. तीन वेगळ्या बायका, तिघींचा पाय पाच नंबर, आणि तुझाही पाचच! तुमच्या गावात पायांना एकच साचा आहे का गं? आणि ग्रंथपालबाईंचं पाण्याचं. मी जुनी डायरी काढून पाहिली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तळं पोहून पार केलं होतं आणि तू काठावर पंचा धरून उभी होतीस. भीती नंतरही बसू शकते, मी नाही म्हणत नाही.

माझा तर्क असा, की त्यांना विचारायची तुला लाज वाटते. आपल्याच लग्नासाठी लोकांना कसं बोलवायचं, असं तुझ्या मनात येत असणार. म्हणून ते काम मीच केलं. या पत्राबरोबर आणखी तीन पत्रं टाकते आहे, ग्रंथपालबाईंना वाचनालयाच्या पत्त्यावर, डॉक्टरीणबाईंना दवाखान्याच्या आणि शिवणवाल्या बाईंना दुकानाच्या. माझ्या बहिणीला इतकी वर्षं एकटं वाटू दिलं नाहीत म्हणून आभार, आणि होडीचं आमंत्रण. तुला न विचारता लिहिणं बरोबर की चूक, यावर दोन दिवस विचार केला. अजून करतेच आहे. पण पाकिटं चिकटवून झाली.

राग आला तर ये आणि समक्ष रागाव, लोभ घरी ठेवून येऊ नकोस.
तुझी
टिपण

&nbsp;

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चि. टिपणीस आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं काल सकाळच्या थैलीत आली. वर तुझं अक्षर. एक नंबर चहाला उठली होती. दहा मिनिटं ती पाकिटं माझ्या तळव्याखाली होती. सव्वीस वर्षांत मी कुणाचं पत्र अडवलेलं नाही. काल अडवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मग शिक्के मारले आणि पोस्टमनच्या गठ्ठ्यात टाकली. तेव्हा त्या बायकांकडून तुला कळण्याआधी मी सांगते.

त्या माझ्या मैत्रिणी नाहीत. आहेत खऱ्या. ग्रंथपालबाई सोमवारी तिकिटं घेतात, डॉक्टरीणबाईंची रजिस्टर पत्रं असतात, शिवणवाल्या बाई कापडात शिवलेली पार्सलं आणतात. नमस्कार होतो, हवेबद्दल बोलणं होतं, तेवढंच.

आई जाऊन चार महिने झाले होते. तू एकोणीस वर्षांची. कॉलेजला निघायची बॅग तू दोनदा भरलीस आणि दोनदा रिकामी केलीस, मला एकटीला सोडून जाणार नाही म्हणून. शेवटी गेलीस, पण पहिल्याच पत्रात लिहिलंस की महिनाअखेर परत येते. त्या गुरुवारी मी तुला लिहिलं, की तीन बायका मला पत्ते खेळायला बोलावतात, फार मजा येते. तू राहिलीस. पुढच्या पत्रात तू विचारलंस की त्या कशा आहेत. मी सांगितलं. मग त्यांना आवाज आला, खोड्या आल्या, त्या पोहायलाही लागल्या. त्यांना बंद कसं करायचं ते मला कळेना.

काविळीत रोज कुणी आलं नव्हतं. म्हणजे एक नंबर यायची डबा घेऊन, पण ती इतकं बोलायची की कावीळ बरी वाटावी. आणि गुरुवारी पत्त्यांचा डाव कधी नव्हताच. गुरुवारी संध्याकाळी मी तुला पत्र लिहीत असे.

आता त्या हातात तुझं पत्र घेऊन माझ्या खिडकीशी येतील, आणि मला खिडकी सोडून कुठे जाता येत नाही. होडी रद्द कर. आणि थोडे दिवस मला यावरून चिडवू नकोस.

तुझी
ताई

&nbsp;

रविवार, २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार, आणि आज खरोखर वाकून.

चिडवणार नाही. आधी माझं ऐक.

तुझं प्रत्येक पत्र गुरुवारचं आहे. आत कुठेतरी असतं, की आत्ताच दिवे लावले, किंवा समोरचं दुकान आत्ता बंद झालं. म्हणजे गुरुवार संध्याकाळ. मी वेळापत्रकं करणारी बाई. एकच गाडी एकाच मिनिटाला दोन थांब्यांवर उभी राहू शकत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या डायरीत लिहिलेलं सापडलं: ताई गुरुवारी पत्ते खेळते, मग पत्र केव्हा लिहिते? त्याच्याखाली: विचारायला हवं. विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस, तर मला परत यावं लागलं असतं. मला इथे राहायचं होतं. तेव्हा खोटं तू एकटीने चालवलेलं नाही. तू लिहिलंस, मी सोयीने वाचलं. मला नक्की किती कळलं होतं, हे सकाळपासून प्रामाणिकपणे लिहायचा प्रयत्न करते आहे. दर खेपेला मी आहे त्यापेक्षा जरा बरी उतरते, म्हणून खोडते आहे.

आता चिडवते. शिवणवाल्या बाई पत्त्यांत लबाडी करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं. माझ्या फार लाडक्या होत्या त्या.

आणि एक विचारायचं आहे. काविळीत डबा घेऊन कोण येत होतं, ते तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलीस. मी काल डायऱ्या चाळल्या. तुझ्या पत्रांतलं जे मी टिपून ठेवते त्यात ती पानोपानी आहे, आणि दर वेळी तक्रारच. तिने तुझी छत्री नेली, तिने तुझं पत्र वाचलं, तिने तुला बळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आपण दोघींनी इतकी वर्षं तिघींबद्दल लिहिलं-वाचलं, आणि मी पत्रं पाठवली तीही त्या तिघींना. तिला का नाही पाठवलं मी? तिची मला आठवणसुद्धा झाली नाही. तुला झाली का?

होडी रद्द केलेली नाही. होडीवालीला रद्द हा शब्द ऐकूच येत नाही.

लोभाचं काय ते तू ठरव, मी मागायची ही वेळ नव्हे.
तुझी
टिपण

&nbsp;

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

चि. टिपणबाईंस,
आशीर्वाद, दोन्ही गुडघ्यांसकट.

ग्रंथपालबाई सोमवारी आल्या. तिकिटं घेतली, पैसे दिले, मग पिशवीतून तुझं पत्र काढून खिडकीत ठेवलं. मी खाली बघत होते. त्या म्हणाल्या, की पत्र दोनदा वाचलं, त्यात त्या कावीळ झालेल्या बाईकडे रोज गेल्या असं आहे, पण त्यांना तर आठवत नाही. मी सांगितलं की तुम्ही गेला नव्हता. त्यावर त्या म्हणाल्या, की कुणी कळवलं असतं तर गेले असते, मी चार गल्ल्या सोडूनच राहते. मग त्यांनी विचारलं, ही मंडळी भरते कितीला, कारण वाचनालय सहाला बंद होतं. त्यांना पोहता येत नाही, पण पाण्याची भीतीही नाही.

शिवणवाल्या बाई भांडायलाच आल्या. त्यांना पत्ते येतच नाहीत, मग लबाडीचा आळ कसा? आधी खेळायला शिकवा, लबाडीचं मी बघून घेते, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली, की काहीतरी गैरसमज झाला आहे, आपली ओळख नाही, तरी लग्नाच्या शुभेच्छा. त्यांचं बरोबरच आहे. वाचताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या, एवढंच.

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्याआधी सहा दिवस एक नंबर माझ्याशी बोलत नव्हती. चहाहून येताना तिने मला ती तीन पाकिटं बांधताना पाहिलं होतं, आणि तुझं अक्षर तिला पाठ आहे. तिच्या नावाचं पाकीट त्यांत नव्हतं. सहा दिवस ती आवाज न करता जेवली. मला वाटलं, दात दुखत असेल. तुझं पत्र वाचून मी ते तसंच तिच्यासमोर सरकवलं, म्हटलं, आज चोरून नको, सरळ वाच. तिने सगळं वाचलं. मग म्हणाली, एकोणीस दिवस. मला कळेना. काविळीचे, म्हणाली. मग डबा उघडला आणि जेवायला लागली, पूर्वीसारखी, सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल अशी. टिपणे, मला इतकं रडू आलं की एका बाईचा मनिऑर्डरचा कागद भिजला.

तर पाच होतात. दुरुस्त यादी घे. ग्रंथपालबाई सात नंबर. शिवणवाल्या बाई चार, आणि सायकल त्या चालवणार नाहीत, मागे बसतील. एक नंबरचा पाय आठ. तिला सुकाणूवर बसव. तिथे वल्हं मारायचं नसतं, नुसतं बोलत राहायचं असतं, असं मी तिला सांगितलं आहे. पाच नंबर माझ्या एकटीचा. पाण्याची भीती: हो, मला. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घड्याळवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून ऐकलं. म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरच्या खिडकीत एकच डोकं दिसतं, हे त्यांना समोरच्या दुकानातून ठाऊक होतं.

पत्र एक दिवस उशिरा निघतं आहे. डायरीत लिहून ठेव. काल गुरुवार होता, आणि काल मला वेळ नव्हता.

लोभ वाढला आहे, वेळापत्रकात जागा कर.
तुझी
ताई

ता. क. हे खाली जे वेगळ्या अक्षरात आहे ते मी लिहिलेलं नाही. हात धुवायला नऊ मिनिटं ठेव, असं एक नंबरने तुला स्वतः कळवलं आहे.