पिल्लाची चोच

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? धाकटीचा खोकला गेला का? इकडे मी ठीक. संग्रहालयात आमच्या पक्षी विभागाचं छत गळतंय. सगळे खण उचलून जिन्याखाली ठेवले, दोन दिवस नुसती हमाली.

भाऊजींच्या पक्ष्याचं काय झालं, हे तू तीन पत्रांत विचारलंस. मी दर वेळी छताचंच रडगाणं गायलो. आता सांगतो. ती नवी जात नाही. जंगलातला नेहमीचा बुटका खंड्याच तो. तपासणीचा निकाल जूनमध्येच आला. चोचीच्या ज्या काळ्या टोकावर मी नवी जात उभी केली, ते टोक म्हणजे पिल्लाची खूण. मोठा झाला की चोच लाल होते. भाऊजींचं नाव कुठल्याच पक्ष्याला लागणार नाही. तू मुलींना सांगून बसली आहेस, म्हणून लिहायला हात धजत नव्हता.

पण खरं कारण ते नाही.

भाऊजींनी पाठवलेला पहिला नमुना आला तेव्हाच आमचे कातडी भरणारे म्हातारबुवा म्हणाले होते, "साहेब, हे पोर आहे. कवटी अजून मऊ लागतेय."

"तुम्ही कापूस भरा, जात मी ठरवतो," मी म्हणालो. आणि त्याच दुपारी भाऊजींना कळवलं, एकावर भागणार नाही, लगेच दुसरा हवा.

तू फोनवर म्हणालीस, "अरे, तापानं फणफणलेत ते. आठ दिवस थांब ना."

"तोवर पक्षी निघून जातील, ताई."

कुठेही जात नाहीत ते. बारा महिने त्याच ओढ्यावर असतात. नवी जात मांडायला मला परिषदेची तारीख गाठायची होती.

भाऊजी ओढ्याकाठी सापडले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दुसरा पक्षी रुमालात नीट गुंडाळलेला होता. चोच लालभडक, बाकी हुबेहूब पहिल्यासारखा. म्हातारबुवांचं खरं होतं, हे तिथंच मला कळून चुकलं. त्यांना शेवटचा निरोप देताना तू माझा हात धरून म्हणालीस, "त्यांचं काम वाया जाऊ देऊ नकोस." मी मान डोलावली.

नव्या जातीवरचा लेख मागे घेतलाय. दोन्ही पक्षी जुन्याच नावाच्या खणात ठेवले. मुलींना हे मी स्वतः सांगेन, तू ये म्हणालीस तर. नाही म्हणालीस, तर का म्हणून विचारणार नाही.

ज्याच्या शब्दावर तू त्यांना जाऊ दिलंस, तो
तुझा भाऊ