उलटे जोडलेले पाइप

अल अझीझिया, जेद्दा
१२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही डबीतून बाहेर काढत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो मंजूला पाठवतो आहे. ती छापून हातात देईल. चष्मा तरी लावा.

बातमी अशी की आमच्या उमैर साहेबांनी, म्हणजे मला इथे नोकरीवर आणणाऱ्या माझ्या कफीलांनी, कॅनडातून बर्फ उडवायचं मशीन मागवलं आहे. हसू नका. थुवालजवळ त्यांचा खजुराचा मळा आहे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज वाळू चढते. बर्फ पांढरा, वाळू पिवळी, बाकी फरक काय, असं त्यांचं म्हणणं. मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, तेव्हा वाद घालायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

हे मशीन ट्रॅक्टरला लावतात. खालचा स्क्रू वाळू गोळा करतो आणि पंखा ती वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. नळकांडं ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला वाळू पडते. ते वळवायला मात्र हाताचं हँडल आहे. इथे सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून. आमचा ड्रायव्हर मोहियुद्दीन, रत्नागिरीचा, उतरून हँडल फिरवेपर्यंत निम्मी वाळू त्याच्या दाढीत जाते. म्हणून सीटपाशी लिव्हर बसवून नळकांडं हायड्रॉलिकवर फिरवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

ते चोख झालं की मंजूच्या लग्नाला महिनाभर रजा, असा साहेबांनी शब्द दिला आहे. १४ डिसेंबरला कानपिळीला नवरीचा सख्खा भाऊ हवा. मनीषरावांचा कान दुसऱ्या कुणी पिळलेला मला खपणार नाही. तेव्हा चार सूचना कराव्यात. तुम्ही न विचारताही करताच, पण या वेळी खरंच हव्या आहेत.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आणि राग, दोन्ही आहेत तसेच ठेवा.
आपला,
सुयश


पिंपळगाव बसवंत
२० ऑक्टोबर २०२४

चि. सुयश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या साहेबांना आपल्याकडचा द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर दाखवला असता तर कॅनडापर्यंत जावं लागलं नसतं. असो. ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला.

आता नीट वाच. नळकांडं फिरवायला छोटी मोटर लाव आणि तेलाच्या वाटेत बारीक भोकाची चकती टाक, नाहीतर ते भिंगरीसारखं गरगरेल. पाइप सोडलास की दोन्ही तोंडं लगेच बांध. द्राक्षाच्या घडाला आपण कागद बांधतो तशी, अगदी आवळून. वाळूचा एक कण तेलात गेला की पंप गेलाच समज.

आणि लिव्हर आपल्या पद्धतीने लाव. आपल्या ट्रॅक्टरमागच्या माती सारायच्या फळीचा आहे तसा: डावीकडे ढकलला की फळी उजवीकडे वळते. कंपनीवाले सरळ लावतात, कारण त्यांना कधी शेतात उतरायचं नसतं. चौतीस वर्षं आपली फळी तशी चालते आहे, एकदा तरी तक्रार आली का?

मंजूचा शालू ठरला. तुझी आई रोज कॅलेंडर बघते. तू ये. बाकी सगळं मिळतं, भाऊ भाड्याने मिळत नाही.

तब्येतीला जप आणि काम झाल्याचं आधी मला कळव, मग साहेबांना.
तुझा,
आबा


जेद्दा
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सगळ्या सूचना मी पाळल्या, शेवटचीसुद्धा. खरं तर ती वाचायच्या आधीच मी लिव्हर तसा लावून बसलो होतो. आठव्या वर्षापासून तुमच्या मांडीवर बसून फळी चालवलेला हात, त्याला दुसरं येतंच काय? दोन दिवस ट्रायलही मीच घेतली. लोण्यासारखं चालत होतं.

मग उद्घाटन ठरलं. साहेबांनी दहाबारा पाहुणे बोलावले. सगळे पांढऱ्याशुभ्र तोबात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, हातात कहव्याचे, अरबी कॉफीचे, छोटे पेले. दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे रस्त्याच्या डाव्या अंगाने येत होता, म्हणून त्यांना डावीकडे उभं केलं, की वाळू उजवीकडे उडून जावी. मी नारळ वाढवला. फोटो काढायला मी खाली थांबलो आणि ट्रॅक्टरवर मोहियुद्दीन चढला.

त्याने लिव्हर शहाण्या माणसासारखा उजवीकडे ढकलला. नळकांडं डावीकडे वळलं. पाहुण्यांवर पहिला फवारा बसला तसा तो घाबरला, आणि वाळू उजवीकडे जावी म्हणून त्याने लिव्हर आणखी उजवीकडे दाबला. जितका घाबरला तितका दाबत गेला. मी ओरडत होतो, पण पंख्याच्या आवाजात ऐकू कुणाला येणार? वाळू सगळ्यांच्या पेल्यांत गेली. मशीन अप्रतिम चालतं, एवढं मात्र सिद्ध झालं.

साहेब एकच शब्द बोलले: खलास. मशीन नव्हे, माझी रजा. दहा मिनिटांत मी दोन पाइपांची अदलाबदल करून लिव्हर सरळ केला, पण ते बघायलाही थांबले नाहीत. मोहियुद्दीन आता माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, उलटाच लावायचा होता तर निदान सांगायचं होतंस.

आबा, रागावू नका, पण एकदाच खरं सांगा. आपला लिव्हर उलटा का आहे? कॅलेंडरवर वीस दिवस उरलेत आणि मी इथे बसलो आहे. मंजूला अजून सांगितलेलं नाही. पण ही छापील प्रत तीच काढणार, म्हणजे तिला कळलंच. मंजू, मला माफ कर.

आशीर्वाद असू द्या, त्यांची आत्ता फार गरज आहे.
आपला,
सुयश


पिंपळगाव बसवंत
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सुयश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंजू पत्र देऊन आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. तेव्हा लिहितो.

पद्धत वगैरे काही नाही. चौतीस वर्षांपूर्वी फळीचे पाइप जोडत होतो. शेजारच्या फोनवर नाशिकहून निरोप आला की मुलगा झाला, दोघंही सुखरूप. पुढचे दोन पाइप मी कसे जोडले ते मला आठवत नाही. हात थरथरत होते. चार दिवसांनी फळी चालवली तर उलटी. गॅरेजात गिऱ्हाईक उभं होतं. आपली, म्हणजे हरिहर मिस्त्रीची, चूक झाली म्हणायला जीभ रेटेना, म्हणून म्हणालो, मुद्दाम केलंय. एकदा म्हटल्यावर तेच धरून ठेवावं लागलं. तुझ्या आईला आत्ता हे वाचून दाखवलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे.

सोबत उमैर साहेबांना पत्र देतो आहे. मंजूने इंग्रजीत करून दिलं. त्यात लिहिलंय की चूक माझ्या मुलाची नाही, माझी आहे, आणि वाळू खायची पाळी माझी होती. माझ्या बहात्तर वर्षांत असलं पत्र मी कुणाला लिहिलेलं नाही.

आपले पाइपही उद्या बदलून टाकतो.

चुकलो असलो तरी बापच आहे, एवढं धरून चाल.
तुझा,
आबा


जेद्दा
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं. मग मोहियुद्दीनला बोलावलं आणि त्याच्याकडून पुन्हा अरबीत ऐकलं. त्यानंतर मोहियुद्दीन माझ्याशी बोलायला लागला. साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले की बापाने मुलासाठी स्वतःची चूक कबूल केल्याचा कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पत्र त्यांनी ठेवून घेतलं आहे. स्वतःच्या वडिलांना दाखवायचं म्हणतात. दाखवण्याची हिंमत होईल का, ते त्यांनाही माहीत नाही.

रजेवर जाऊन परत यायचा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा काल झाला. यल्ला, म्हणजे चल नीघ, म्हणाले, आणि खजुराचे चार डबे तुमच्यासाठी दिले. बारा तारखेला सकाळी घरी पोहोचतो.

मशीन आता सरळ झालं. मोहियुद्दीन सफाईने चालवतो. काल मी गंमत म्हणून चढलो आणि सगळी वाळू स्वतःच्याच अंगावर घेतली.

म्हणून एक मागणं. आपल्या फळीचे पाइप बदलू नका. बदलले असतील तर मी येईपर्यंत पुन्हा उलटे करून ठेवा. मी जन्मलो तेव्हा तुमचे हात थरथरले होते, हे मला चौतीस वर्षं तो लिव्हर सांगत होता आणि मला कळत नव्हतं.

कानपिळीला नवरदेवाचा कान उजवा धरायचा की डावा, ते मात्र आईला विचारून कळवा. तुम्ही सांगू नका.

भेटीला आता आठवडाच आहे, तोवर लोभ आणि यंत्र दोन्ही कानाशी असू द्या.
आपला,
सुयश