सेल्वी अक्काला दिलेलं निळं कॅन

६ मे
आज पण मोटर लावली नाय. घरमालक म्हणला, बोरचं पाणी तळाला गेलंय, मोटर जळंल. डिसेंबरात ह्याच खोलीत पुराचं गुडघाभर पाणी व्हतं. आरूला घेऊन दोन दिस गच्चीवर बसलेलो. आता तोंड धुवायला नाय. कसं काय हे, कळंना.

लॉरी साडेधाला आली. इथं तमिळ मुलखात टँकरला लॉरीच म्हणत्यात. लाइनीत माणसं उभी ऱ्हात नाहीत, घागरी ऱ्हात्यात. लाल, हिरव्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या. सकाळी आपली घागर ठिवायची आन् घरी जायचं. दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाय. नवीन आले तवा सेल्वी अक्कानंच शिकवलं. समोर राहती, गजरे करून विकती. तिची दीपा आन् आमची आरू एका वर्साच्या, तीन-तीन.

अक्काची घागर चिरली, रडकुंडीला आलेली. आमच्या दुकानातलं एक निळं कॅन दिलं तिला. लई खूश झाली. माझ्या गालाला हात लावून गेली.

९ मे
दीपाला उलट्या. तोंड आलंय, जीभ लाल झालीया. दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. गल्लीत आणखी तिघांची पोटं बिघडल्यात. ऊन लागलं म्हणत्यात काही जण. काही जण पाणी म्हणत्यात.

आरू बरी हाय. सारखी तिच्या तोंडात बघती मी. ती आता मी सांगायच्या आधीच आ करती.

११ मे
कुमार अण्णा दुकानासमोर येऊन ओरडला. सेल्वी अक्काचा नवरा, ऑटो चालवतो. दुकान गल्लीच्या तोंडालाच. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून चोख करायचं, हे आमच्याकडच्या माणसांचं काम, गलाई म्हणत्यात त्याला. आमचे हे तिथं भट्टीवर. कुमार अण्णा म्हणला, तुमचं तेजाब गटारात जातंय, गटारातनं गल्लीतल्या बोरांत जातंय, माझी पोर आजारी पडली.

हे म्हणले, आम्ही वाया गेलेलं टेंपोवाल्याला देतो, गटारात टाकत नाय.

देत्यात, खरं हाय. पण टेंपो आला नाय की थोडं मोरीत जातं. मी बघितलंय. घरी आल्यावर इचारलं तर माझ्यावरच ओरडले. थोडं म्हंजे किती, इचारायचं व्हतं. इचारलं नाय.

१२ मे
आज कुणाला तरी सांगायला पायजे म्हणून हितं लिहिते.

ते कॅन. तेजाब संपलं की रिकामी कॅनं आम्ही घरात वापरतोच. गावाकडं पण गलाईवाल्यांच्या घरी धान्याला, पाण्याला हीच. पण आधी सोडा टाकून धुवायचं, मग सात पाणी. आत्यानं, म्हंजे सासूनं, लगीन झाल्यावर शिकवलेलं. सातवं पाणी जिभेला लावून बघायचं, मग वापरायचं.

अक्काचं कॅन मी दोन पाण्यानं धुतलं. सोडा टाकलाच नाय. त्या दिवशी घरात दीड घागर पाणी व्हतं आन् आरूची आंघोळ राहिली व्हती. वाटलं, बास झालं. वास तर येत नव्हता.

मग दीपा कशानं आजारी? कॅननं का बोरनं का उन्हानं? बाकीच्या तिघांच्या घरी तर कॅन नाय. आन् त्यांची जीभ नाय लाल झाली. का झाली पण आसंल? मी बघायला गेले नाय.

१३ मे
मारामारी झाली.

लॉरी आली तवा आमची घागर लाइनीत नव्हती. कुणीतरी उचलून गटारापाशी फेकलेली. हे आणायला गेले. कुमार अण्णा म्हणला, वडक्कनांनी आधी आमचं पाणी खराब केलं, आता लॉरी पण पायजे? वडक्कन म्हंजे उत्तरेकडचे. आपन कुठले उत्तरेकडचे. पण त्यांना सगळं एकच.

ह्यांनी त्याची कॉलर धरली. आधी ह्यांनीच हात लावला, मी डोळ्यांनी बघितलं. मग कुणीतरी लॉरीचा कॉक फिरवायचा लोखंडी दांडा घातला ह्यांच्या डोक्यात. पाणी तसंच वाहत व्हतं रस्त्यावर. कुणी बंद करंना. भांडणारे भिजले आन् घागरी रिकाम्या.

सहा टाके. आरू इचारती, बाबाला टोपी का घातली.

१४ मे
दुकानाची काच फोडली. दुपारी दुसऱ्या बाजारातल्या गलाईच्या दुकानांतली आपली पोरं आली, आठ-धा जण. सळया पोत्यात गुंडाळून आणलेल्या. माझ्या खोलीत, आरूच्या खाटंखाली ठिवल्या. मला चहा करायला सांगितला. म्हणलं, पाणी नाय.

दुकानाच्या मालकाचा फोन आला, दोन दिस दम धरा. त्याच्या बोलण्यावर सळया तशाच पोत्यात राहिल्या.

आईला फोन केला. इकडं निघून ये म्हणली. मग स्वतःच म्हणली, इथं पण टँकरच चालू हाय बाई, परवा टँकरवर पण भांडणं झाली. कुठं जायचं मग माणसानं.

समोरच्या दारात अक्का दिसली, फुलं ओवत. माझ्याकडं बघितलं. मी पडदा ओढला.

१५ मे
दीपा घरी आली. बारीक झालीया. कडेवर घेऊन अक्का दारात उभी व्हती आन् मागं मोरीपाशी ते निळं कॅन. भरलेलं.

सांगितलं तर? खोलीत सळया हाईत. समोर पण असतील. एका शब्दानं पेटंल. नाय सांगितलं तर ती पोर त्यातलंच पिणार. आतापर्यंत किती येळा भरलं आसंल, धुऊन गेलं आसंल सगळं. का नसंल गेलं.

१६ मे, शनिवार
अम्मन देवीच्या देवळाच्या मांडवात बैठक झाली. कौन्सिलर बाई आली व्हती, मालक आला व्हता. बायका एका कडंला. एक म्हातारा म्हणला, ही सगळी घरं हाईत तिथं एरी व्हती, मोठं तळं. त्यात म्हशी पोहायच्या. आपणच बुजवलं, मग पाऊस आला की पाणी घरात येतं आन् ऊन पडलं की बोर आटतं, आता एकमेकांची डोकी फोडा. कुणी हसलं नाय.

बोरचं पाणी बाटलीत भरून तपासायला न्हेलं. मालकानं कबूल केलं, दुकानातली मोरी सिमेंटनं बंद. लॉरीच्या पायपापाशी दोघं जण उभं ऱ्हायचं, एक त्यांचा एक आमचा. पण कुमार अण्णा ऐकंना. म्हणला, ज्यांनी माझ्या पोरीला इख पाजलं, त्यांच्याशेजारी उभा ऱ्हाऊ?

तवा सेल्वी अक्का उठली. बायका तिथं बोलत नव्हत्या. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"माझी घागर फुटली तवा हिनं आपल्या घरातलं कॅन दिलं. शेजारच्या कुणी दिलं नाय. ती काय इख पाजंल?"

कुमार अण्णानं मान खाली घातली. मग ह्यांच्याजवळ आला, टाक्यांकडं बघितलं आन् हात धरला. ह्यांनी पण धरला. बायका रडल्या. मी पण रडले, सगळ्यांना वाटलं आनंदानं.

संध्याकाळी पोरं सळया घेऊन गेली.

१७ मे
लाइनीत पहिल्या नंबरला निळं कॅन. बायकांनीच ठिवलं. ते पहिलं, मग बाकीच्यांच्या घागरी. कुमार अण्णा आन् हे दोघं पायपापाशी. अण्णानं ह्यांना बिडी दिली. हे बिडी वढत नाहीत, तरी वढली. खोकले लई. दोघं हसले.

मी आमची घागर तिथंच सोडून घरी आले.

१८ मे
बाजारातनं नवी घागर आणली, स्टीलची. अक्काला म्हणलं, ही घ्या, ते जुनं कॅन द्या. हसली. म्हणली, ते मी कुणाला देणार नाय, गल्लीचं हाय ते आता. स्टीलची तू ठिव, पोरीच्या लग्नाला होईल.

आत दीपा तांब्यानं पाणी पीत व्हती. बरी दिसती. आता बरी हाय तर कशाला उकरायचं? रातभर, दिसभर हेच.

ह्यांना सांगावं तर हे म्हणतील गप बस. म्हणून ह्यांना सांगितलंच नाय.

२० मे
सांगितलं.

दुपारी अण्णा ऑटो घेऊन गेलता. अक्का एकटीच मोगरा ओवत बसलेली. मला तमिळ अर्धंमुर्धं, तरी सांगितलं. कॅनमधी आधी काय व्हतं. सात पाणी. दोन पाणी. सोडा नाय. बोटांनी दाखवलं, सात आन् दोन.

तिचा दोरा थांबला. माझ्या बोटांकडंच बघत व्हती.

"दीपाला त्यानंच झालं?"

"माहीत नाय, अक्का. खरंच माहीत नाय."

उठली. कॅन भरलेलं, आजच्या लॉरीचं. दारात आणलं आन् सगळं गटारात ओतलं. एक थेंब ठिवला नाय. असल्या दिवसात. रस्त्यावरची एक बाई थांबून बघायला लागली, अक्का तिला काहीतरी बोलली, ती गेली. काय बोलली ते मला कळलं नाय.

मग दार लावलं. मी बाहेरच. आरू कडेवर.

अण्णा यायच्या येळेला मी बॅग भरून बसले. हे म्हणले काय झालं, म्हणलं कपडे निवडते. ऑटोचा आवाज आला. समोर बोलणं ऐकू आलं, मोठ्यानं नाय. मग टीव्ही लागला.

२१ मे
सकाळी घागर ठिवायला गेले. कॅन पहिल्या नंबरला, रोजच्यासारखं. जवळ जाऊन वाकले. तळाला भोक पाडलंय, सळई तापवून पाडल्यासारखं, अंगठा जाईल एवढं. कडंनं प्लॅस्टिक काळं झालंय.

कुणी भरू नये म्हणून. आन् लाइनीत मात्र ऱ्हावं म्हणून. असंच आसंल का?

लॉरी आली. कुमार अण्णा पायपापाशी उभा, ह्यांच्या शेजारी. कॅनवर पाइप आणला, मग बाजूला घेऊन पुढच्या घागरीला लावला. हे माझ्याकडं बघायला लागले. अण्णा माझ्याकडं बघंना, ह्यांच्याकडं पण नाय. पण हलला नाय तिथनं.

अक्का तिची चिरलेली घागर घेऊन आलती, डांबर लावून बुजवलेली. अर्धी भरली. माझ्यासमोरनं तशीच गेली.

पाण्याचा रिपोर्ट अजून आला नाय. बॅग भरलेलीच हाय. स्टीलची घागर अक्काच्या दारात ठिवून आले, सात पाण्यानं धुऊन. आता इथं खिडकीत बसून बघती. अजून तिथंच हाय.