धडपड्याच्या डोक्यात मी होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पडणे, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी हा कागद लिहायला घेण्याआधी माझी नाडी, रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासली. आजचा वार, शंभरातून सात वजा आणि माझ्या बहिणीचा वाढदिवस ही तिन्ही उत्तरे मी बरोबर दिली. गुडघ्यांबद्दल दाखला द्यायला मात्र त्यांनी नकार दिला.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. एक करार केलेला आहे, आणि हा कागद लिहिण्याचे खरे कारण तोच असल्यामुळे आधी त्याबद्दल.

चौतीस वर्षांपूर्वी टीव्हीवर मुलांचे एक कार्टून फार चालत असे. धडपड्या नावाचा, पिंपाएवढ्या डोक्याचा, मान नसलेला एक हमाल कपडे धुण्याच्या कारखान्यात काम करतो, सारखा पडतो, आणि पडता पडता मारामारीत मुरलेल्या गुंडांना लोळवतो. एका कंपनीने त्यावर खऱ्या माणसांचा सिनेमा काढायचे ठरवले. मी तेव्हा वडिलांच्या मागे त्यांची व्यायामशाळा चालवत होते आणि मुलींना ज्युडो शिकवत होते. ज्युडोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. दिग्दर्शकाने माझ्याआधी अकरा पुरुष पाहिले होते. पुरुष पडताना आधी अब्रू सावरतात आणि मग डोके, त्यामुळे त्याला एकही पसंत पडला नव्हता.

"कार्टूनमध्ये माणूस सपाट होतो आणि फुग्यासारखा परत फुगतो," तो मला म्हणाला. "मला तसं हवंय."

"माणूस फुगत नाही, सुजतो," मी म्हणाले.

त्याला ते आवडले. मला तीन सिनेमांचा करार मिळाला. त्यातले नववे कलम असे, की धडपड्याच्या आत कोण आहे हे सदर कलाकार आपल्या हयातीत कोणासही सांगणार नाही. मुलांना धडपड्या खरा वाटला पाहिजे, म्हणून. पडद्यावर नावे आली तेव्हा 'धडपड्या' या शब्दासमोर 'स्वतः' असे लिहिलेले होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंना मी मागच्या महिन्यात तो करार दाखवला. त्या म्हणाल्या, "हयातीत म्हणजे जिवंत असेपर्यंत. त्यानंतर तुम्हाला कोण अडवणार?" तेव्हा मला पहिल्यांदाच वाटले, की एक दार उघडे आहे.

कलम १. मी राहते ते तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. घरातल्या एकाही दाराला कडी नाही, न्हाणीघरालाही नाही. पाहुण्यांनी आत असताना गाणे म्हणावे, असा या घराचा रिवाज आहे. बहिणीला कड्या बसवायच्या असतील तर तिने खुशाल बसवाव्यात; तिने माझी भीती वारशात घ्यावी अशी माझी इच्छा नाही.

कलम २. कोपर व गुडघ्यांचे पट्टे, दोन गाद्या, पडण्याच्या सरावाची लाकडी पायरी आणि ज्युडोचा पोशाख हे सगळे माझ्या भाचीला द्यावे. तिला ते नको असेल. ती बँकेत आहे आणि तिथे पडावे लागत नाही. तरी घ्यावे. गाद्या अजून चांगल्या आहेत.

भाचीची माझ्याबद्दल एक तक्रार आहे, तीही इथेच नोंदवते. इमारतीला लिफ्ट बसून आठ वर्षे झाली. माझे दोन्ही गुडघे कामातून गेल्यामुळे जिना मला उतरता येत नाही, आणि लिफ्टमध्ये मी जात नाही, त्यामुळे दोन वर्षे मी खाली उतरलेले नाही. भाची म्हणते, "मावशी, तीन मजल्यांना वीस सेकंद लागतात. हा निव्वळ हट्ट आहे." मी तिला सांगते की हो, हट्टच आहे. वीस सेकंदांत काय काय होऊ शकते ते मी तिला आजवर सांगू शकले नाही. पुढचे कलम तिने खुर्चीवर बसून वाचावे.

कलम ३. धडपड्याचे डोके. ते पलंगाखालच्या पेटीत आहे. फायबरचे, वरून रबर, वजन सहा किलो. तोंडाच्या जाळीतून बाहेरचे दिसते, तेही समोरचेच. मागच्या बाजूला तीन हुक आहेत. ते आतून उघडत नाहीत. ते उघडायला माणूस लागतो, आणि कंपनीने त्या कामावर माझ्या बहिणीला ठेवले होते. मीच तिच्यासाठी शब्द टाकला होता. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, बावीस वर्षांची, सातवा महिना चाललेला, नवरा बोटीवर. बसून करण्याजोगे काम होते आणि ती माझ्या नजरेसमोर राहणार होती.

कारखान्याच्या मारामारीचा प्रसंग चित्रित करायचा होता. मी साबणावरून घसरत जायचे, कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रात डोक्यावर पडायचे, कमरेपर्यंत आत, पाय बाहेर, आणि पाच आकडे मोजून बाहेर यायचे. कोरड्या यंत्रात तीनदा तालीम केली. प्रत्यक्ष शॉटच्या वेळी कोणाला तरी वाटले की आत फेस असला तर छान दिसेल. मला ते कोणी सांगितले नाही.

मी आत गेले आणि डोक्याची हनुवटी यंत्राच्या कडेखाली अडकली. जाळीतून फेस आत आला. अडचण आली तर डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या वाजवायच्या, अशी आमची खूण ठरली होती. हात माझ्याबरोबर आतच होते. बाहेर फक्त पाय होते, म्हणून मी पाय झाडले.

त्या पायांना चौतीस वर्षे लोक हसत आहेत.

गुंडांचे काम करणारे तिघे जवळ होते. त्यांतला सर्वांत उंच, ज्याला सगळे लंबू म्हणत, त्याला कळले. त्याने माझा घोटा धरला आणि माझी लाथ त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात गेले. तो फेसावर आपटला, उठला, पुन्हा घोटा धरला, पुन्हा उडाला. उरलेले दोघे त्याला अडखळून पडले. कॅमेरा चालू राहिला. शेवटी लंबूने यंत्राखाली खांदा घातला आणि ते अख्खे उलटवले. मी फेसासकट घरंगळत बाहेर आले आणि उठून बसले. डोक्यावर हसू रंगवलेले होतेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते एकूण एक मिनिट पन्नास सेकंदांचे आहे. सिनेमात एकही सेकंद कापलेला नाही.

मेकअपच्या खोलीत बहिणीने हुक काढायला घेतले. दोन निघाले, तिसरा हुक तिच्याने निघेना. डोके निघाले तेव्हा माझे ओठ निळे होते, असे ती नंतर कधीतरी म्हणाली. त्या वेळी तिने एवढेच विचारले, "ताई, ती अ‍ॅक्टिंगच होती ना?"

मी तिच्या पोटाकडे पाहिले. डॉक्टरांनी तिला जपायला सांगितले होते. मी म्हणाले, "हो गं. नाहीतर काय?"

दारात दिग्दर्शक उभा होता. त्यानेही ते ऐकले. "कमाल केलीस," तो म्हणाला. "दुसऱ्या भागात असंच काहीतरी ठेवू."

त्यानंतर मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार होते? करार तीन सिनेमांचा होता आणि हो म्हणून बसले होते. दुसऱ्या भागात त्यांनी मला पिंपात घातले, तिसऱ्यात पियानोत. दोन्ही वेळा आत जाण्याआधी मी हसत हसत हात हलवला. दोन्ही वेळा लंबू, कंपनीने बोलावलेले नसताना, जवळ येऊन उभा राहिला.

पहिला सिनेमा मी थिएटरात एकदाच पाहिला, मुलांच्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत. तो प्रसंग आला तेव्हा शेजारची बाई डोळे पुसत आपल्या मुलीला म्हणाली, "बघ ना, किती मजा करतोय तो." मला श्वास घेता येईना. बाहेर जायला वाट मागितली तर लोक म्हणाले, "अहो खाली बसा, एवढा सीन होऊ द्या."

डोके कोणालाही देऊ नये. ते फोडावे. संग्रहालयातून माणसे येतील, गोड बोलतील. त्यांना चहा द्यावा, डोके देऊ नये.

कलम ४. दिग्दर्शकास काहीही देऊ नये. तो थकला आहे आणि त्याला आता कमी ऐकू येते असे कळते. म्हणून हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. लंबूस, दोन दात चांगल्या दवाखान्यात बसवून घेण्याइतकी रक्कम माझ्या बचतीतून द्यावी. चौतीस वर्षे तो शिट्टी वाजवू शकलेला नाही. दर गुरुवारी तो तीन मजले चढून येतो आणि घरातले काहीबाही दुरुस्त करतो. दारांच्या कड्या त्यानेच काढल्या. कशाला काढायच्या, असे त्याने कधी विचारले नाही. त्याने मला आणखीही एक गोष्ट विचारली नाही, आणि मीही त्याला विचारली नाही. त्याबद्दल मृत्युपत्रात कलम घालता येत नाही.
(हे कलम रद्द केले आहे. कारण शेवटी लिहिले आहे.)

कलम ६. माझा देह लिफ्टने नेऊ नये. उभा करून तर नाहीच. जिन्याने न्यावा, आणि वळणांवर सांभाळावे. पाडलात तरी माझी हरकत नाही, मला सवय आहे. पण नेणाऱ्यांना नसेल.

कलम ७. बहिणीसाठी. त्या दिवशी मेकअपच्या खोलीत मी तुला जो 'हो' दिला तो खोटा होता. मी तो या कागदाने रद्द करते. ती अ‍ॅक्टिंग नव्हती. तुझी काही चूक नव्हती. तू कॅमेऱ्याजवळ होतीस, सगळे हसत होते, तूही हसली असशील, तर त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

पुरवणी. इथवरचा मजकूर मागच्या आठवड्यात लिहून झाला होता. माझे अक्षर लागते का हे पाहायला मी तो लंबूला दिला. त्याने खिडकीत उभे राहून सगळा वाचला.

"हे तिला तू गेल्यावर कळणार?" त्याने विचारले.

"करार आहे," मी म्हणाले.

"करार कंपनीशी आहे. कंपनी बुडून वीस वर्षं झाली. तू कुणाला घाबरतेस?"

मी त्याच्याकडून कागद परत घेतला. त्याच दुपारी बहीण इस्त्रीचे कपडे घेऊन वर आली. मी तिला बसवले आणि तिसरे व सातवे कलम वाचून दाखवले. ती मांडीवरच्या कपड्यांची घडी पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"मी हसले नव्हते," ती म्हणाली.

"हसली असतीस तरी..."

"ताई, ऐक. मी हसले नव्हते. मी धावले होते. दिग्दर्शकानं माझं मनगट धरलं. म्हणाला, शॉट चालू आहे, तुझी सावली पडेल. हिसका दिला असता तर सुटले असते. मी नाही दिला. मी तिथे उभी राहून तुझे पाय बघत होते."

मी हातातला कागद मिटला.

"म्हणून तर खोलीत विचारलं. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. नाही म्हणाली असतीस तर मी सगळं सांगितलं असतं, तो दारातच होता. तू हो म्हणालीस. मला वाटलं, तू पाहिलंस मला तिथे उभी असलेली, आणि शिक्षा म्हणून हो म्हणालीस. म्हणजे मला कधी काही बोलताच येऊ नये."

"मला जाळीतून समोरचंच दिसायचं," मी म्हणाले. "तेव्हा तर फेसच दिसत होता."

"हे मला कसं कळणार होतं?"

ती रडली. मग तिने उरलेले कपडे घडी करून कपाटात ठेवले, चुकीच्या कप्प्यात. जाताना ती जिन्याने गेली.

वकीलबाईंचे म्हणणे असे, की मृत्युपत्रातले कलम मृत्यूनंतरच लागू होते, त्यामुळे कलम ७ कायद्याने अजून लागू झालेले नाही. ते लागू झालेले आहे. कंपनीच्या करारातले नववे कलम मी हयातीत मोडले आहे, हेही इथे नमूद करते. लिफ्टबद्दल माझे मत बदललेले नाही.

आता रद्द केलेल्या कलमाचे. आज सह्यांसाठी लंबूला साक्षीदार म्हणून बोलावले, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही. एक तर दात घ्या, नाहीतर सही करा."

मी त्याला म्हणाले, "दात घे. साक्षीदार कोणीही मिळेल."

तो म्हणाला, "कोणीही कसा मिळेल? तिथे तेव्हा होतं कोण?" आणि त्याने वकीलबाईंकडून पेन मागून घेऊन कलम ५ वर रेघ मारली. रेघ त्याची आहे. तिच्याखालची ही सही माझी.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: गुरुवार, १४ मार्च २०२४

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार क्रमांक १: डॉक्टरीणबाई, तळमजला. यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. (सही)

साक्षीदार क्रमांक २: लंबू, निवृत्त गुंड. वरचा सगळा मजकूर मी वाचला आहे. कलम ३ मध्ये लिहिले तसेच घडले, मी तिथे होतो. माझ्याकडून एवढीच भर, की पहिल्या लाथेनंतरही मला ते पाय सोडावेसे वाटले नाहीत. (सही)